भाता, पेट्रोल आणि मात्रा

या सदराचे एक जुने वाचक, नाशिकचे एक गृहस्थ, यांनीं पाठविलेला प्रश्न या महिन्याच्या विवेचनासाठीं घेतला आहे. त्यांचा पुतण्या अमेरिकेंत मिशिगन राज्यांत नोकरीस असून त्यानें फोर्ड कंपनीची सन २००३ ची मस्टंग कोब्रा ही जुनी, पण नामांकित मोटार हौसेनें विकत घेतली आहे. तिच्या इंजिनावर ‘सुपरचार्जर’ नांवाचें यंत्र आहे. तेथील एक दुकानदार म्हणतो, “सुपरचार्जरची पुली बदलूं, गाडीच्या संगणकांत नवे आंकडे भरूं, आणि एका दिवसांत शंभर अश्वशक्ति वाढवून देऊं.” यावर काका विचारतात, “यांत धोका आहे काय? असल्यास तो नेमका कोठें आहे?”

प्रश्नाचा उत्तरार्ध मला विशेष आवडला. ‘धोका आहे’ एवढेंच सांगून मोकळें होणें हा आम्हां वडीलधाऱ्यांचा नेहमींचा मार्ग, आणि ‘कांहीं होत नाहीं’ म्हणून निघून जाणें हा तरुणांचा. धोका कोठें आहे हें दाखवितां आलें म्हणजे वाद संपतो व हिशेब सुरू होतो. म्हणून आज आपण हिशेबच मांडूं. यंत्रशास्त्राची ओळख नसलेल्या वाचकांनीं बिचकण्याचें कारण नाहीं. स्वयंपाकघरांत ज्यांचा हात बसला आहे त्यांस तर हा विषय इतरांहून लवकर उमजेल. कारण सारा प्रश्न अग्नि, जिन्नस आणि प्रमाण यांचाच आहे.

हवा आणि भाता

मोटारींत पेट्रोल जळतें असें आपण म्हणतों. पण जळण्यास हवा लागते हें चुलीपुढें बसलेल्या कोणासही सांगावयास नको. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे वजनानें पाहिलें तर इंजिन जेवढें पेट्रोल पितें त्याच्या जवळजवळ पंधरापट हवा गिळतें. पेट्रोल अधिक ओतणें सोपें आहे. हवा मात्र सिलिंडरच्या पोटांत मावेल तेवढीच येते. त्यामुळें इंजिनाची शक्ति अखेर त्याला मिळणाऱ्या हवेवर ठरते.

ही मर्यादा ओलांडण्याची युक्ति आपल्या लोहाराला पूर्वापार ठाऊक आहे. ती म्हणजे भाता. अमेरिकेंत इंडियाना राज्यांतील कॉनर्सव्हिल गांवच्या रूट्स नांवाच्या दोघां भावांनीं सन १८६० मध्यें, एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन पात्यांनीं हवा ढकलणारें एक यंत्र आपल्या नांवें नोंदविलें. तें ओतकामाच्या भट्ट्यांना वारा घालण्याकरितां खपूं लागलें. पुढें १९२१ सालीं जर्मनीच्या मर्सेडीझ कंपनीनें बर्लिनच्या प्रदर्शनांत असा भाता बसविलेल्या मोटारी मांडल्या. आपल्या पुतण्याच्या कोब्रा गाडीवरचा ईटन कंपनीचा सुपरचार्जर याच रूट्स कुळांतला. तो इंजिनाच्याच पट्ट्यानें फिरतो. त्याची पुली लहान केली कीं तो अधिक वेगानें फिरतो आणि अधिक हवा कोंबतो. दुकानदाराची सारी विद्या येथून सुरू होते.

आतां मूळ गाडीचे आंकडे पाहूं. समुद्रसपाटीस वातावरणाचा दाब दर चौरस इंचास सुमारें १४.७ पौंड असतो. (हे १४.७ आणि वर सांगितलेले १४.७ यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. हा निव्वळ योगायोग आहे.) त्यावर कोब्राचा भाता सुमारें ८ पौंड चढवितो, म्हणजे हवेचा दाब दीडपटीहून थोडा अधिक होतो. २००१ सालच्या कोब्राला भाता नव्हता. तेव्हां तिची शक्ति ३२० अश्वशक्ति होती. २००३ मध्यें भाता लावून ती ३९० झाली.

परंतु ही सत्तर अश्वशक्ति मिळविण्याकरितां कंपनीनें काय काय केलें तें पाहण्यासारखें आहे. सिलिंडरांतील मिश्रण पूर्वीं ९.८५ पटीनें दाबलें जाई, तें ८.५ पटीवर आणलें. अल्युमिनियमचा ब्लॉक काढून बिडाचा घेतला. ओतीव पिस्टनांच्या जागीं घडीव पिस्टन घातले आणि त्यांचे दांडेही घडीव केले. भात्यांतून निघालेली हवा थंड करण्यासाठीं पाण्याचा इंटरकूलर बसविला. अधिक पेट्रोल सोडणारे इंजेक्टर लावले. भाता एक, पण त्याच्या पायीं इतका संसार बदलला! दुकानदार मात्र पुली आणि आंकडे या दोनच गोष्टी बदलूं म्हणतो. राहिलेला भार कोण उचलणार, हा आपल्या हिशेबांतील पहिला प्रश्न.

उष्णता आणि ठोका

सायकलींत हवा भरतांना पंपाचें नळकांडें हाताला कढत लागतें, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. हवा दाबली कीं ती तापते. २७ अंशांची हवा वर सांगितलेल्या प्रमाणांत दाबली तर, भाता अगदीं निर्दोष असता तरीही, ती ६५ अंशांच्या आसपास गेली असती. रूट्स जातीचे भाते बरीच शक्ति नुसती हवा घुसळण्यांत घालवितात, म्हणून प्रत्यक्षांत ती नव्वदीच्या पुढें जाते. इंटरकूलर तिला पुष्कळशी शांत करतो. पण पुली लहान केली म्हणजे दाब वाढला, उष्णता वाढली, आणि इंटरकूलर मात्र होता तेवढाच राहिला.

या उष्णतेचें भय कशासाठीं? सिलिंडरांत ठिणगी पडल्यावर मिश्रण एकदम भडकत नाहीं. ज्योत एका बाजूनें निघते आणि वणवा माळावरून सरकावा तशी क्रमानें पुढें जाते. ज्योतीच्या पुढें कोपऱ्यांत उरलेलें मिश्रण मात्र या अवधींत दाबलें जात असतें व तापत असतें. तें मर्यादेबाहेर तापलें, तर ज्योत पोहोंचण्यापूर्वींच आपोआप पेटतें. त्याचा जो हातोडीच्या घावासारखा आवाज होतो, त्याला कारागीर ‘नॉकिंग’ म्हणतात; आपण ठोका म्हणूं. इंग्लंडचे हॅरी रिकार्डो यांनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या प्रकाराचा कसून अभ्यास केला आणि १९१९ सालीं, दाबण्याचें प्रमाण चालतां चालतां बदलतां येईल असें एक इंजिन केवळ निरनिराळ्या इंधनांची परीक्षा घेण्यासाठीं बनविलें.

ठोका घातक कां, हें समजून घेण्यासारखें आहे. जळणाऱ्या वायूची उष्णता २००० अंशांहून अधिक असते. शुद्ध अल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, आणि पिस्टन तर त्याच्याच मिश्रधातूचा. मग पिस्टन रोज वितळत कां नाहीं? कारण त्याच्या पृष्ठाला वायूचा एक पातळ, त्या मानानें थंड असा थर चिकटलेला असतो, आणि आंत शिरलेली उष्णता रिंगांवाटे सिलिंडरच्या भिंतीला व खालून तेलाला मिळत असते. ठोक्याच्या लाटा तो रक्षक थर ओरबाडून काढतात. मग खरी आंच पिस्टनला लागते.

माझा एक जुना विद्यार्थी इंजिन-दुरुस्तीचा धंदा करतो. त्याच्या मेजावर कागद उडूं नयेत म्हणून ठेवलेला एक पिस्टन आहे. त्याच्या माथ्याला सुपारीएवढें आरपार भोंक असून कडा मेणाप्रमाणें ओघळल्या आहेत. रिंगा ज्या खांचांत बसतात त्यांमधली एक पट्टीही तुटून पडली आहे. “गुरुजी, हें होण्यास किती वेळ लागला असेल?” असें त्यानें मला विचारलें आणि स्वतःच उत्तर दिलें, “बोलायला लागतो तेवढाही नाहीं.” त्या एका इंजिनाच्या दुरुस्तीस गाडीमालकाचे जे पैसे गेले, ते त्यानें मुलीच्या कॉलेजासाठीं ठेवलेले होते, हेंही त्यानेंच सांगितलें.

पेट्रोलाची मात्रा

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. १४.७ हें जर बरोबर प्रमाण, तर तेंच नेहमीं कां देऊं नये? उत्तर असें कीं, तें प्रमाण शांतपणें चालणाऱ्या गाडीसाठीं योग्य आहे. पूर्ण जोर लावला असतां इंजिनाला थोडें जास्त पेट्रोल द्यावें लागतें. जास्तीचें पेट्रोल जळण्यासाठीं नसतें; वाफ होतांना तें हवेंतील उष्णता शोषून घेतें आणि ज्वलनाची आंच उतरवितें. कढईखालचा जाळ तोच ठेवून वर पाण्याचा हबका मारावा, तसा हा प्रकार आहे.

कारागीर हें प्रमाण ग्रीक ‘लॅम्डा’ या अक्षरानें सांगतात. पुरतें जळण्यास लागेल इतकीच हवा असेल तर लॅम्डा १. हवा कमी व पेट्रोल अधिक असेल तर एकाहून कमी. त्याला ‘रिच’ म्हणतात. हवा अधिक व पेट्रोल कमी असेल तर एकाहून अधिक. त्याला ‘लीन’ म्हणतात. संस्कृत जाणणाऱ्यांस ‘लीन’ हा शब्द ऐकून नम्रपणा आठवेल. पण भाता लावलेल्या इंजिनांत पूर्ण जोरावर असतांना लीन मिश्रणाएवढें उद्धट दुसरें कांहीं नाहीं. भाता नसलेल्या इंजिनाला पूर्ण जोरावर लॅम्डा ०.८८ च्या आसपास चांगली शक्ति देतो. भाता असलेल्या पेट्रोल-इंजिनाला ०.७८ ते ०.८२, म्हणजे साध्या पेट्रोलाच्या भाषेंत साडेअकरा ते बारास एक, हें जाणत्या कारागिरांचें सर्वसाधारण सुरक्षित प्रमाण आहे.

अधिक पेट्रोल म्हणजे अधिक सुरक्षितता, असेंही समजूं नये. फाजील पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल धुऊन काढतें, खालच्या तेलांत उतरून तें पातळ करतें, प्लग काळे करतें आणि शक्तिही घटवितें. वैद्याच्या मात्रेला जसा खालचा व वरचा असे दोन कांठ असतात, तसेच हिलाही आहेत.

मिश्रणाच्या जोडीला दुसरी मात्रा ठिणगीच्या वेळेची. पिस्टन वर पोहोंचण्यापूर्वीं किती अंश अगोदर ठिणगी पाडावी, हें ठरवावें लागतें. दाब वाढला कीं मिश्रण जलद जळतें व ठोक्याचें भय वाढतें, म्हणून ठिणगी उशिरा पाडावी लागते. फारच उशीर केला तर ज्योत सायलेन्सरच्या वाटेवर जळत राहते आणि तिकडचे नळ लाल होतात. मिश्रण सुधारलें पण ठिणगी तशीच ठेवली, तर अर्धेंच काम झालें असें समजावें.

संगणकाला काय ठाऊक असतें

इंजिनाच्या संगणकाविषयीं अनेकांची अशी कल्पना असते कीं, तो विचार करून निर्णय घेतो. वास्तविक तो तक्ते पाहतो. इंजिनाचे फेरे किती आणि भार किती, या दोन गोष्टींवरून तो तक्त्यांतील चौकट शोधतो, तींत लिहिलेला आंकडा उचलतो, आणि हवा तापली असल्यास, पाणी गार असल्यास त्या त्या कोष्टकाप्रमाणें त्यांत थोडी बेरीज-वजाबाकी करतो. पंचांगांत चुकीची घटिका छापली गेली तर जोशी कितीही विद्वान असला तरी मुहूर्त चुकतो, तसेंच येथें. ‘ट्यूनिंग’ म्हणजे हे तक्ते नव्यानें लिहिणें.

याखेरीज संगणकाला एक जीभही असते. बाहेर पडणाऱ्या धुरांत प्राणवायु उरला आहे कीं नाहीं हें चाखणारें एक यंत्र १९७६ पासून, स्वीडनच्या व्होल्वो कंपनीच्या मोटारींपासून, प्रचारांत आलें. तें जर्मनीच्या बॉश कंपनीनें बनविलें होतें. पण या जुन्या जातीच्या जिभेला लॅम्डा १ च्या जवळपासचीच चव कळते. ‘तिखट कीं अळणी’ एवढें ती सांगते. ‘किती तिखट’ हें सांगत नाहीं. म्हणून कोब्रासारख्या गाडींत पूर्ण जोर लावला कीं संगणक जिभेचें ऐकणें सोडून देतो आणि केवळ तक्त्यावर चालतो. ज्या क्षणीं धोका सर्वांत अधिक, त्याच क्षणीं चाखणें बंद! यासाठीं ट्यूनिंग करतांना ‘वाइडबँड’ नांवाचें, सर्व प्रमाण मोजणारें निराळें यंत्र नळांत बसविणें हें अत्यावश्यक आहे. तें न बसवितां जो आंकडे भरतो, तो मीठ न चाखतां पंगत वाढतो.

धोक्याच्या तीन जागा

काकांनीं विचारलेलें ‘नेमका कोठें’ याचें उत्तर आतां देतां येईल.

पहिली जागा हवेच्या मापकांत. येणारी हवा मोजणारें यंत्र संगणकाला विजेच्या दाबाच्या रूपानें वर्दी देतें, आणि त्या वर्दीची कमाल मर्यादा ५ व्होल्ट आहे. नव्या पुलीनें हवा इतकी वाढली कीं मापक ५ व्होल्टांवर जाऊन टेकला, तर त्यापुढें कितीही हवा आली तरी संगणकाला ती तेवढीच दिसते. तो आपल्या समजुतीप्रमाणें पेट्रोल बरोबर देत असतो, पण हवा त्याहून अधिक असते. मिश्रण लीन होतें, आणि संगणकाच्या दप्तरीं सर्व कांहीं आलबेल असतें.

दुसरी जागा इंजेक्टरांत. भाता लावलेल्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागें दर तासाला ढोबळमानानें २७० ग्रॅम पेट्रोल लागतें असें धरूं. ३९० अश्वशक्तीस सुमारें १०५ किलो. आठ सिलिंडरांत वांटल्यास प्रत्येकीं सुमारें १३.२ किलो. कोब्राच्या मूळ इंजेक्टरची क्षमता तासाला ३९ पौंड, म्हणजे सुमारें १७.७ किलो. येणेंप्रमाणें कंपनीनें त्याचा पाऊणच उपयोग केला व पाव हिस्सा शिलकेंत ठेवला. आतां शंभर अश्वशक्ति वाढवा. ४९० ना १३२ किलो, प्रत्येकीं १६.५ किलो. क्षमतेच्या शेकडा ९३! जाणते कारागीर ८० ते ८५ च्या पुढें जाऊं देत नाहींत.

पुढें ऐका. हा हिशेब दुकानांत, ३० अंशांच्या हवेंत जमला असें धरूं. मिशिगनमध्यें नोव्हेंबरांत सकाळीं हवा ५ अंशांवर येते. गार हवा जड असते. या दोन्हींत शेकडा ९ चा फरक पडतो. तितकेंच पेट्रोल अधिक हवें, म्हणजे ९३ चे १०१ झाले. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर एका आवर्तनास एक सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो. तेवढा सबंध वेळ इंजेक्टर उघडा राहिला तरी पेट्रोल पुरणार नाहीं. उन्हाळ्यांत ‘सुरक्षित’ असलेली गाडी हिवाळ्याच्या पहिल्या थंडींत पिस्टन जाळते, त्याचें एक कारण हें. याच्या जोडीला पेट्रोलचा पंप थकलेला असेल किंवा त्याची गाळणी तुंबलेली असेल, तर थंडीचीही गरज नाहीं.

तिसरी जागा सरासरींत. आयुष्य शाळेंत गेल्यामुळें ही मला सर्वांत जवळची वाटते. वाइडबँड यंत्र ज्या नळांत बसतें, त्यांत चार सिलिंडरांचा धूर एकत्र येतो. तें ०.८० दाखवितें म्हणून मालक खूष असतो. पण तीन सिलिंडर ०.७६ वर आणि चौथा, इंजेक्टर थोडा तुंबल्यामुळें, ०.९२ वर असला तरी सरासरी ०.८० च येते. वर्गाची सरासरी उत्तम आणि एक मुलगा नापास! पिस्टन सरासरीनें जळत नाहीं, एकटा जळतो. यास उपाय म्हणजे अगोदर इंजेक्टर काढून एकेकाची धार तपासणें, आणि चाचणीनंतर सर्व प्लग काढून एका ओळींत मांडून त्यांचे रंग ताडून पाहणें. एकाचा रंग निराळा दिसला कीं काम तेथेंच थांबवावें.

इंधन बदललें तर

१४.७ हा आंकडा केवळ शुद्ध पेट्रोलाचा आहे. इथेनॉलमध्यें, म्हणजे मद्यार्कांत, मुळांतच प्राणवायु असल्यामुळें त्याला हवा कमी लागते. त्याचें प्रमाण ९ आहे. अमेरिकेंतील नेहमींच्या पेट्रोलांत शेकडा १० पर्यंत इथेनॉल असतें. त्याचें प्रमाण सुमारें १४.१ येतें. आपल्याकडे शेकडा २० इथेनॉलचें पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊं लागलें, आणि त्यांतील मद्यार्काचा कांहीं वांटा आपल्या महाराष्ट्राच्या उसाचा आहे. त्याचें प्रमाण सुमारें १३.५. शुद्ध पेट्रोलावर ०.८० ला बसविलेल्या इंजिनांत, तक्ता न बदलतां, हें इंधन घातलें तर पूर्ण जोरावर लॅम्डा ०.८७ च्या आसपास जातो. इथेनॉल ठोक्याला अधिक दाद देत नाहीं, त्यामुळें थोडा आधार मिळतो. तरीही ज्या इंधनावर तक्ता लिहिला तेंच टाकींत असावें, हा नियम मोडूं नये. परदेशांतून मागविलेला ‘तयार’ तक्ता आपल्या गाडींत भरणाऱ्या इकडच्या तरुणांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

ऑक्टेनच्या आंकड्यांतही एक फसगत आहे. आपल्या पंपावरचे ९५ आणि अमेरिकेंतील पंपावरचे ९३ हे एकाच मापाचे नव्हेत. अमेरिकेंत दोन निरनिराळ्या कसोट्यांची सरासरी लिहितात. आपण एकीचाच, मोठा येणारा, आंकडा लिहितों. त्यांचे ९३ आपल्या मापानें सुमारें ९८ होतात. काकांनीं आपल्या येथील ९५ पाहून ‘पुतण्याच्या ९३ पेक्षां आमचें सरस’ असें समजूं नये.

काम कसें करून घ्यावें

मूळ कंपनीनें पाव हिस्सा इंजेक्टरांत ठेवला, कांहीं इंटरकूलरांत, कांहीं घडीव पिस्टनांत. ही घरांतली शिल्लक होय. दुकानदार ज्या शंभर अश्वशक्ति ‘वाढवून’ देतो, त्या बव्हंशीं या शिलकेंतून काढलेली उचल असते. उचल घेऊंच नये असें माझें म्हणणें नाहीं. कोब्रा ही गाडी त्या कामीं पुष्कळ खंबीर आहे अशी तिची ख्याति आहे. पण किती शिल्लक होती, किती काढली आणि किती उरली, हें वहींत लिहिलेलें असावें.

म्हणून पुतण्यानें दुकानदाराला पुढील गोष्टी अगोदर विचाराव्या. नव्या पुलीवर हवेचा मापक किती व्होल्टांपर्यंत जातो? इंजेक्टर शेकडा किती उघडे राहतात? ८५ च्या पुढें जात असल्यास मोठे इंजेक्टर व पंप यांचा खर्च धरला आहे काय? लॅम्डा प्रत्यक्ष मोजून त्याची नोंद मला मिळेल काय? भात्याच्या पुढें हवेची उष्णता किती भरते, आणि लागोपाठ तीन चाचण्या घेतल्यावर किती भरते? ठोका ऐकणारें यंत्र चालू राहणार आहे ना? हा शेवटला प्रश्न मुद्दाम विचारावा. कारण भात्याच्या खडखडाटामुळें तें यंत्र उगाच तक्रार करतें, या सबबीवर कांहींजण त्याचे कान अजिबात बंद करून टाकतात. पहारेकऱ्याची झोपमोड होते म्हणून कुत्र्याचें तोंड बांधावें, तशांतला हा शहाणपणा आहे.

चांगला कारागीर काम उलट्या बाजूनें सुरू करतो. प्रथम पेट्रोल थोडें अधिकच देतो, ठिणगी मुद्दाम उशिरा ठेवतो, आणि मग एकेक अंश पुढें सरकतो. शक्ति वाढावयाची थांबली, किंवा ठोक्याची पहिली शंका आली, कीं तो मागें फिरतो आणि दोन अंश शिल्लक ठेवून काम संपवितो. मूळ तक्त्याची प्रत जपून ठेवतो. पंख्याच्या वाऱ्यावर दुकानांत मिळालेल्या एका आंकड्यावर तो समाधान मानीत नाहीं. रस्त्यावरील उन्हाचा, चढाचा आणि थंडीचा विचार तो अगोदरच करतो. जो पहिल्याच दिवशीं सर्वांत मोठा आंकडा कागदावर छापून देतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊं नये.

कायद्याकडेही दुर्लक्ष करूं नये. अमेरिकेंत धूर शुद्ध करणारीं साधनें निकामी करणें हा गुन्हा आहे. आपल्या येथें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेंतील फेरफारांवर मर्यादा घालतें, आणि विमा कंपनी अपघातानंतर नेमकें हेंच प्रथम विचारते. शिवाय इंजिनाची शक्ति सव्वापट झाली म्हणून ब्रेक सव्वापट होत नाहींत. भरधाव असतांना पिस्टन फुटून इंजिन अडकलें तर नुकसान केवळ पैशाचें राहत नाहीं. पुतण्याच्या शेजारच्या आसनावर त्या वेळीं कोण बसलेलें असेल, हें काकांनीं पत्रांत अवश्य लिहावें.

तेव्हां काकांस माझें सांगणें एवढेंच कीं, पुतण्याला ‘करूं नकोस’ असें लिहूं नका; वरील सहा प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांत मागवा. चार आंकडे बरोबर आले तर त्याला मनापासून आशीर्वाद द्या. आंकड्यांऐवजीं ‘आम्ही असल्या पुष्कळ गाड्या केल्या आहेत’ एवढेंच उत्तर आलें, तर पुली जुनीच राहूं द्यावी. ३९० अश्वशक्ति कांहीं थोडी नव्हे.

पुढील अंकीं, पुण्याच्या एका वाचक भगिनींच्या प्रश्नावरून, स्वयंपाकाच्या गॅसची निळी ज्योत मधूनच पिवळी कां होते व भांड्यांना काजळी कां धरते, याचा विचार करूं. प्रश्न दिसण्यास निराळा आहे. शास्त्र मात्र हेंच.